पांढरीचे घर

'घरोघरी मातीच्याच चुली' ही म्हण आपण सारेच वापरतो. दुःख सगळ्यांच्या घरी सारखेच, असा तिचा भावार्थ. पण क्षणभर तो भावार्थ बाजूला ठेवू आणि म्हण शब्दशः घेऊन पाहू. चूल मातीची, हे खरे. पण ती घरात नेमकी कोठे मांडलेली असते? दारातून दिसते की दिसत नाही? तिच्यापर्यंत जाण्याचा अधिकार कोणाला? तिच्यापाशी बसून पहिला घास कोण खातो आणि शेवटचा कोण? हे प्रश्न विचारू लागले की ध्यानात येते, चूल घरोघरी मातीची असली तरी घरोघरचा कायदा चुलीभोवती वेगवेगळा आखलेला असतो. तो कायदा कोणत्या पोथीत लिहिलेला नाही. तो भिंतींत, उंबरठ्यात आणि कोनाड्यात लिहिलेला आहे. तो वाचायला शिकणे हा आजच्या पाठाचा विषय.

वाचकहो, घर पाहून माणूस ओळखावा ही गोष्ट आपल्या आजीला ठाऊकच होती. मुलगी द्यायची तर ती आधी त्या घरचे अंगण आणि मोरी पाहून यायची. विद्वानांनी याचे शास्त्र बरेच उशिरा केले. लुईस हेन्री मॉर्गन या अमेरिकन अभ्यासकाने १८८१ साली तेथील मूळ रहिवाशांच्या घरांवर ग्रंथ लिहिला. इरोक्वाय लोकांच्या एका लांबच लांब घरात अनेक कुटुंबे राहत, मधल्या वाटेत चुली असत आणि अन्नाचा साठा मिळून वापरला जाई. घराची लांबी ही त्यांच्या नात्याची लांबी होती, असे त्याने दाखविले. पुढे १९६९ साली एमॉस रॅपोपोर्ट याने असा विचार मांडला की हवा, पाऊस, दगड, माती यांनी घराचा आकार पुरता ठरत नाही. एकाच हवेत दोन समाज दोन तऱ्हेची घरे बांधतात, कारण त्यांची राहण्याची रीत निराळी. आणि पिएर बोर्द्यू या फ्रेंच पंडिताने अल्जीरियातल्या काबील लोकांच्या घराचे वर्णन केले ते तर आपल्या खेड्यातल्या माणसाला ओळखीचे वाटावे असे आहे. एकच लांबट खोली. मध्ये बुटकी भिंत. वरच्या उजेडाच्या भागात माणसे, विस्तव आणि माग, खालच्या अंधाऱ्या भागात जनावरे. आढ्याची तुळई म्हणजे घरधनी आणि तिला तोलून धरणारा मधला खांब म्हणजे घरधनीण, असे ते लोक मानीत.

हे झाले परदेशाचे. आता आपल्या देशावरच्या घराकडे येऊ.

काळी आणि पांढरी

देशावरच्या गावाचे दोन भाग. पिकते ती काळी, आणि माणसे राहतात ती पांढर. आपण शेताला काळी आई म्हणतो, गावठाणाला पांढरी म्हणतो. हे नुसते रंगाचे नाव नव्हे. काळी जमीन पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा जमिनीवर भिंत उभी केली तर ती दोन पावसाळ्यांत तडकते. म्हणून वस्ती उंचवट्यावर, चिकण पांढऱ्या मातीवर. पुन्हा ती माती वस्तीनेच वाढत जाते. घर पडते, त्याची माती तेथेच बसते, तिच्यावर नवे घर उठते. राख, शेण, भुसा, खापऱ्या सगळे तिच्यात मुरते. पिढ्यांमागून पिढ्या असे झाले की गावाखाली टेकाड तयार होते. कित्येक गावांत लोक अशाच जुन्या टेकाडाची माती खणून आणतात आणि नव्या घराच्या धाब्यावर घालतात. म्हणजे आपल्या डोक्यावरचे छप्पर हे पूर्वजांच्या घरांचे चूर्ण असते, असे म्हटले तर ते खोटे नाही.

अशा टेकाडात काय दडलेले असते हे इनामगावने दाखविले. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी हे गाव आहे. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून तेथे बरीच वर्षे उत्खनन केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शंभराहून अधिक घरे तेथे मिळाली. आधीच्या काळातली घरे चौकोनी, मातीच्या बुटक्या भिंतींची, कुडाची, ऐसपैस. घरात चूल, धान्याच्या कणगीचा ओटा, साठवणीचे खड्डे. पुढे पाऊसमान खालावले असे संशोधक म्हणतात, आणि त्या काळात घरे लहान व गोल झोपड्यांची झाली. सुबत्तेचे घर चौकोनी आणि ओढगस्तीचे गोल, असा तीन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब मातीत सापडला. आणखी एक गोष्ट. दगावलेली तान्ही मुले त्या लोकांनी गावाबाहेर नेली नाहीत. दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत निजविली आणि घराच्याच भुईखाली पुरली. कोणत्या आईला ते लेकरू आपल्या पायाखालून दूर जाऊ नये असे वाटले असेल, हे सांगायला पुरातत्त्ववेत्त्याची गरज नाही.

गावाचा सांगाडाही प्रदेशागणिक पालटतो. इरावती कर्वे यांनी १९५७ साली भारतीय खेड्यांविषयी लिहिताना हा फरक नेमका टिपला आहे. देशावरचे गाव म्हणजे एकमेकांना खेटलेली घरे आणि सभोवार शेते. कोकणातली घरे वाटेच्या दोहो बाजूंना, आपापल्या कुंपणात, आपापल्या माडापोफळींत. त्यामुळे देशावरचा माणूस 'गल्ली' म्हणतो आणि कोकणचा 'वाडी' म्हणतो. शब्दच पाहा, घराची सगळी मांडणी सांगून जातात.

खण, धाबे आणि पाऊस

येथे कोणी विचारील, देशावर सपाट धाबे आणि कोकणात उतरते कौल, हे कशामुळे? पहिले उत्तर पाऊस. कोकणात वर्षाला शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो. तेथे मातीचे सपाट छप्पर एका नक्षत्रात वाहून जाईल. म्हणून तेथे जांभ्या दगडाच्या भिंती, उतरते छप्पर, आधी गवताचे, मग नळीच्या कौलाचे. आणि १८६५ साली मंगळूरला बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढल्यानंतर हळूहळू मंगळुरी कौलाचे. देशावर वीस-पंचवीस इंच पाऊस. तेथे माती टिकते, आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हापासून तीच वाचविते.

धाब्याचे घर मोजतात ते खणांवर. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. 'पाच खणांचे घर', 'दहा खणांचा सोपा' असे आपण म्हणतो, चौरस फूट म्हणत नाही. खांबावर तुळई, तुळईवर आडवे वासे, त्यांवर फळ्या किंवा काटक्या-तुराट्यांचा दाट थर, त्यावर पालापाचोळा आणि सर्वांवर चिकण पांढरी माती, चोपून घट्ट केलेली. पाणी एका बाजूला जावे म्हणून किंचित उतार आणि शेवटी पन्हळ. मध्ये एक भोक ठेवलेले. मराठवाड्यात त्याला सानं म्हणतात. धूर त्यातून वर जातो, उजेडाचा कवडसा त्यातून खाली येतो, आणि चूल पेटली की नाही हे शेजारणीला त्यातूनच कळते. ज्या घरच्या सान्यातून धूर निघाला नाही तेथे कोणी तरी चौकशी करायला जाई. रात्री पाऊस आला की सान्यावर पालथी पाटी घालायला घरातले पोर वर पळे.

दरवर्षी मृगाच्या आधी धाब्याची डागडुजी होते. भेगा बुजवायच्या म्हणून आणखी एक थर माती घालतात. बाप घालतो, मुलगा घालतो, नातू घालतो. हा थर ध्यानात ठेवा. पुढे त्याच्याशी काम आहे.

बाहेरून आत

आता घरात शिरू. आधी अंगण. पहाटे सडा पडतो, रांगोळी निघते. तुळशीवृंदावन असते. अंगणाला छप्पर नाही, पण ती घरातली सर्वांत मोठी खोली आहे. वाळवण तेथे, लग्नाचा मांडव तेथे, उन्हाळ्यात निजणे तेथे, आणि माणूस गेला तर शेवटची आंघोळही तेथे. मराठवाड्यात, सोलापुराकडे मोठ्या दाराच्या आतच ढाळज असते. येणारा-जाणारा तेथे टेकतो, पुरुषांची बैठक तेथे होते. त्याच्यापुढे ओसरी किंवा सोपा. एका बाजूला गोठा. बैल घरातच, कारण तो घरातलाच. त्याच्या खाण्याचा आवाज रात्री ऐकू आला नाही तर घरधन्याला झोप लागत नाही.

वारीच्या वाटेवरच्या गावांत या ढाळजेची आणि ओसरीची खरी योग्यता कळते. दिंडी मुक्कामाला आली की घरची माणसे आत सरकतात आणि ओसरी पाहुण्यांची होते. कोण, कोठला, पुन्हा भेटेल की नाही, काही विचारणे नाही. घराचा हा भाग मुळातच अनोळखी माणसासाठी बांधलेला असतो. घर बांधणाऱ्याने आपल्या जागेतला हिस्सा वाटसरूच्या नावाने काढून ठेवला, आणि तो कोठल्या कागदावर लिहिला नाही.

मग उंबरठा. त्याला पाय लावायचा नाही, त्यावर बसायचे नाही, त्यावर शिंकायचे नाही. नवी सून माप ओलांडून आत येते ती येथूनच. त्याच्या आत माजघर. येथे उजेड कमी, गारवा अधिक. धान्याच्या कणग्या, उतरंड, भिंतीतले फडताळ, कोनाडे, दिवा ठेवायची देवळी, खुंट्या. कोठे भिंतीत बळद, कोठे जमिनीत पेव. माजघराच्या आत किंवा बाजूला चूल, आणि चुलीपासून फार दूर नाही असे देवघर. शेवटी परस, तेथे न्हाणी, आळू, केळ, कढीपत्ता.

असे पाहा, बाहेरून आत येताना एकेका पावलाने उजेड कमी होतो, बोलणे हळू होते आणि येऊ शकणारी माणसे थोडी होतात. अंगणात गाव येते, ओसरीवर पाहुणा, माजघरात सोयरा, चुलीपाशी घरचाच. घर ही एकामागे एक ठेवलेल्या चाळण्यांची रांग आहे.

घरधनिणीचे घर

येथवर आपण घर पुरुषाच्या डोळ्यांनी पाहिले, दारातून आत. बाई घर पाहते ते आतून बाहेर. तिचा दिवस जात्यापासून सुरू होतो. पहाटेच्या अंधारात दळण. मग सडा, पाणी, चुलीला पोतेरे, सारवण, भाकरी. भुई शेणाने सारवायची ती आठवड्यातून एकदोनदा, सणाला तर हमखास. भिंतीचे पोपडे निघाले की माती कालवून तीच लिंपते. सुताराने आणि गवंड्याने घर एकदा बांधले; पण ते रोज नव्याने बांधते ती हीच. महिनाभर तिचा हात थांबला तर धाब्याच्या घराचे उकिरड्यात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. तरीही 'घर कोणी बांधले' असे विचारले की आपण आजोबांचे नाव सांगतो.

जाते ही त्या घरातली तिची हक्काची जागा होती. त्या वेळी तेथे दुसरे कोणी नसे, असलीच तर जोडीला जाऊ किंवा नणंद. त्यामुळे मनात असेल ते ओवीत येई. गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, पंढरीची वाट आहे, आणि सासरच्या घराचा उंबरा, जोते, सोपा, पाण्याची घागर हेही आहे. घराचा खरा नकाशा पाहायचा असेल तर तो या ओव्यांत आहे. पिठाची गिरणी आली आणि बाईच्या खांद्याचे ओझे उतरले, ही चांगलीच गोष्ट झाली. कोणी पुन्हा जाते ओढावे असे म्हणणार नाही. पण गिरणीबरोबर ती पहाटेची एकान्ताची घटकाही गेली, आणि तिच्या जागी घराने बाईला दुसरी कोणती जागा दिली, याचा विचार फारसा कोणी केला नाही.

बाळंतिणीची खोली घ्या. घरातली अंधारी कोपऱ्यातली जागा, बाज, खाली शेगडी, दार बंद. वारा लागू नये हा हेतू. पण धूर कोंडे आणि तो आईच्या व बाळाच्या उरात जाई. चुलीच्या धुराचेही तसेच. सान्यातून थोडा धूर बाहेर जातो, पुष्कळसा डोळ्यांत आणि छातीत राहतो. म्हातारपणी बायका खोकतात तो पुष्कळदा या चुलीचा खोकला असतो. तेव्हा जुन्या घराचे गोडवे गाताना हेही मोजले पाहिजे.

उंबरठ्याची दुसरी बाजू

घराला चाळण्या असतात असे वर म्हटले. चाळणी म्हटली की काही अडते. महिन्याचे चार दिवस घरातली बाईच बाजूला बसे. तिचे ताट निराळे, अंथरूण निराळे. ज्या चुलीची ती धनीण, तिच्याकडे त्या दिवसांत तिने पाहायचेही नाही. आणि गावात असे कितीतरी लोक होते की ज्यांना या घराची ओसरी कधीच दिसली नाही. ज्याने तुळईचे लाकूड वाहून आणले, ज्याने धाब्याची माती खणली, ज्याने बैलाचे कातडे कमावून मोट शिवली, तो घर बांधून झाल्यावर अंगणाच्या कडेला उभा राही. त्याचे स्वतःचे घर गावकुसाबाहेर, वाऱ्याच्या किंवा ओढ्याच्या खालच्या अंगाला. पाणी त्याला वरून ओतीत.

शंका अशी निघेल की हा तर रूढीचा दोष, त्यात घराचा काय दोष? उत्तर सोपे आहे. रूढी हवेत राहत नाही, तिला राहायला जागा लागते. उंबरठ्याच्या उंचीत, निराळ्या दारात, बाहेर टांगलेल्या निराळ्या पेल्यात ती राहते. पोराला कोणी उपदेश करीत नाही की अमुक माणूस खालचा. तो रोज पाहतो की अमुक माणूस अंगणातच उभा राहतो. घर त्याला बोलल्याशिवाय शिकविते, म्हणूनच ते शिकविणे पुसायला अवघड जाते. ज्या संप्रदायात वाळवंटात सगळे एकमेकांच्या पाया पडतात, त्याच्या वाचकाने हा भाग डोळ्यांआड करून चालणार नाही. वाळवंटात पायांवर डोके ठेवले आणि घरी आल्यावर ओसरीची पायरी मात्र मोजून दाखविली, तर मग वाळवंटातून घरी काय आणले?

किल्लारीची पहाट

आता त्या धाब्यावरच्या थराकडे परत येऊ.

१९९३ सालच्या सप्टेंबरची ३० तारीख. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा घरी आले होते आणि गाढ झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद भागात (उस्मानाबादला २०२३ पासून धाराशिव म्हणतात) भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे काही क्षणांत ढिगारे झाली. सरकारी मोजदादीप्रमाणे ७,९२८ माणसे गेली. त्याची तीव्रता ६.२ च्या आसपास. जगात इतक्या तीव्रतेचे धक्के बसतात आणि एवढी माणसे मरत नाहीत. मग येथे का मेली? कारण भूकंपाने माणूस मारला नाही, घराने मारला.

घरे दगडाची, भिंती दोन-अडीच फुटांच्या, कोठे चार फुटांहूनही जाड. दिसायला किल्ल्यासारख्या. पण भिंतीचे दोन पदर होते. बाहेरचा दगडांचा, आतला दगडांचा, आणि मध्ये गोटे व माती भरलेली. दोन्ही पदरांना बांधणारा आरपार दगड बहुतेक घरांत नव्हता. हादरा बसताच पदर एकमेकांपासून सुटले आणि भिंत पोट फुटल्यासारखी कोसळली. वर ते धाबे, बाप-आजोबांनी वर्षानुवर्षे थर घालून फूट-दोन फूट, कोठे त्याहून जाड केलेले. ते सगळे ओझे निजलेल्या माणसांवर आले. कित्येकांचा श्वास मातीनेच कोंडला. अभियंत्यांनी पाहणी केली तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. जेथे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा नीट जोडलेला होता, तेथे भिंती पडूनही सांगाडा उभा राहिलेला आढळला. आणि गवताच्या, पत्र्याच्या, कुडाच्या हलक्या झोपड्यांतली माणसे पुष्कळ वाचली. म्हणजे ज्याला दगडाचे घर बांधायची ऐपत नव्हती, त्याला त्या रात्री त्याच्या गरिबीने तारले.

यातून 'जुने घर वाईट' असा धडा काढणे घाईचे होईल. माती, लाकूड, दगड यांनी गुन्हा केला नाही. उन्हासाठी भिंत जाड होत गेली, पावसासाठी धाबे जड होत गेले, आणि सांधे बांधायची समज मात्र वाटेत कोठे तरी सुटली. रीत चालू राहिली, तिचे कारण विसरले गेले. परंपरेचा हा धोका घरातच आहे असे नाही. तो सगळीकडे आहे.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठे पुनर्वसन झाले. ५२ गावे मूळ जागेवरून हलवून नवी वसविली. घर किती मिळणार ते जमिनीवरून ठरले: भूमिहीन व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या खातेदाराला ७५०. सरळ रुंद रस्ते, चौकटीत आखलेले प्लॉट, भूकंपाला टिकणारे बांधकाम. जीव वाचावा हा हेतू चोख होता आणि तो साधला, याबद्दल शंका नको. पण राहायला गेल्यावर लोकांना उणे काय ते जाणवू लागले. ज्याला जेवढे घर, त्याप्रमाणे ओळी लागल्यामुळे भावाभावांची दारे लांब गेली, शेजार तुटला. गल्ली जाऊन रुंद रस्ता आला, पण त्याच्या कडेला बसायला ओटा नाही. गोठा नाही, परस नाही, चूल दारासमोर. म्हातारी माणसे म्हणत, 'घर चांगलंय, पण बसावं कुठं?'

मग लोकांनी काय केले? तक्रारही केली, पण नुसती तक्रार करीत बसले नाहीत. कोणी पुढे पत्र्याचा सोपा काढला, कोणी मागे चुलीसाठी आडोसा केला, कोणी कुंपण घालून अंगण आखले, कोणी दाराशी ओटा बांधला. थोड्याच वर्षांत त्या एकसारख्या ओळींतले प्रत्येक घर निराळे दिसू लागले. नंतर तेथे गेलेल्या अभ्यासकांनी हे नोंदून ठेवले आहे. अभियंत्याने छप्पर दिले आणि माणसांनी त्याचे घर केले, असे म्हणायला हरकत नाही. जी गावे हलविली नाहीत, तेथे सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती व मजबुती घरमालकांनी स्वतः करायची होती. भिंतीतून आरपार जाणारे दगड बसविणे, धाब्यावरची जादा माती उतरविणे, खांब-तुळईच्या कोपऱ्यांत तिरके आधार देणे, अशी ती कामे. हे समजावून सांगण्यासाठी गावोगावच्या बायकांना 'संवाद सहाय्यक' नेमले. ज्या हातांनी पिढ्यान् पिढ्या घर सारवले, त्यांना पहिल्यांदाच घर कसे बांधावे हे चार माणसांत उभे राहून सांगायचा मान मिळाला.

काय ठेवावे, काय सोडावे

आज गावोगाव स्लॅबची घरे उठत आहेत. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत निदान २५ चौरस मीटरचे पक्के घर, स्वयंपाकाच्या स्वच्छ जागेसह, असा नियम आहे. गळके छप्पर गेले, धूर कमी झाला, ही मोठी सोय आहे. पण वैशाखात दुपारी स्लॅबखाली आणि पत्र्याखाली बसवत नाही, ओसरी गेली तेव्हा वाटसरू थांबायची जागा गेली, आणि घर आत वळून दूरदर्शन संचासमोर बसले.

तेव्हा सार असे. ओसरी ठेवावी; दोन हात का होईना, पण अनोळखी माणसासाठी जागा राखावी. सांधा ठेवावा, दगड दगडाला, खांब तुळईला आणि भाऊ भावाला बांधणारा. गारवा ठेवावा, परस ठेवावा. धूर सोडावा, अंधारी बाळंतिणीची खोली सोडावी, न उमजता चढविलेले थर सोडावेत. आणि माणूस पाहून उंच-सखल होणारा उंबरठा तर पहिल्यांदा सोडावा.

अभ्यासासाठी

वाचकांनी आपल्या घरीच हा पाठ करून पाहावा. घरातल्या मुलांना बरोबर घ्यावे.

१. आपल्या घराचा साधा नकाशा काढा. कोण कोठे बसते, कोठे जेवते, कोठे निजते ते त्यात लिहा. एकही जागा जिच्या नावाची नाही असे माणूस त्यात निघते का?

२. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून जुन्या घराच्या भागांची नावे लिहून घ्या. देवळी, बळद, सानं, ढाळज. यांतले किती शब्द मुलांना ठाऊक आहेत?

३. धाब्याचे किंवा दगडमातीचे घर असेल तर जाणत्या गवंड्याला बोलावून दोन गोष्टी पाहून घ्या: भिंतीत आरपार दगड आहेत काय, आणि धाब्यावर माती किती चढली आहे. हे काम मृगाच्या आधी करावे.

४. आपल्या उंबरठ्याच्या आत आजवर कोण आले नाही, आणि ते का आले नाही, हे मनाशी खरे खरे आठवा. हा प्रश्न वहीत लिहिला नाही तरी चालेल. त्याचे उत्तर ज्याच्या घरी जाऊन द्यायचे, त्याच्या घरी जाऊन द्यावे, आणि त्याला आपल्या चुलीपाशी जेवायला बोलवावे.